हरिबाचा जोडीदार

बोलर संपला हे पेपरवाल्यांना कळायला दोन वर्षं लागतात. कॅप्टनला एक वर्ष लागतं. प्रेक्षकांचं तर विचारूच नका, चेंडू सहा वेळा कुंपणाबाहेर गेल्याशिवाय त्यांच्या डोक्यात उजेड पडत नाही. पण विकेटकीपरला त्याच आठवड्यात कळतं. छातीपाशी चटका देत येणारा चेंडू पोटापाशी यायला लागतो, मग मांडीपाशी, आणि एक दिवस आपण पार उकिडवं बसून त्याची वाट बघत असतो. हरिबाच्या चेंडूची वाट मी अशी तीन वर्षं बघत होतो, आणि मला त्याचा भयंकर राग येत होता.

राग चेंडूचा नव्हे, हरिबाचा. ह्या बाबाला स्वतःला कळत नव्हतं का? खांदा त्याचा, हात त्याचा, टाकून झाल्यावर कमरेवर हात ठेवून दम खायचा तोही तोच. मग आपण होऊन ‘बास झालं’ म्हणायला काय धाड भरली होती? पण नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसली गत. आणि बाकीची सगळी टीम अळीमिळी गुपचिळी.

सोलापुरात हरिबा कोण हे सांगावं लागत नाही, पण गावाबाहेरच्यांना सांगतो. सांगोल्याकडच्या माळावरचा हा धनगर. दुष्काळात मेंढरं मेली तशी बापाबरोबर आमच्या गिरणीत आला. दिवसा साच्यावर कापड विणायचं, संध्याकाळी पेठेतल्या तालमीत कुस्ती. रविवारी साहेबलोक क्रिकेट खेळायचे तेव्हा काथ्याची चटई मैदानावर पसरायची आणि खिळे ठोकून ताणायची, हे काम त्याच्याकडे. एका रविवारी बोलिंगला कुणी आलं नाही म्हणून साहेबानं चेंडू ह्याच्या हातात दिला. त्या संध्याकाळी साहेब लंगडत घरी गेला आणि सोमवारी हरिबा गिरणीच्या टीममध्ये होता. कुस्तीनं घडवलेला खांदा होता तो. चटईवर पडलेला चेंडू असा उसळायचा की बॅट्समन बॅटऐवजी तोंड सांभाळायचा.

सात वर्षांपूर्वी विलायतेची टीम आली तेव्हा मुंबईच्या सामन्यात हरिबा हिंदुस्थानकडून खेळला आणि त्यानं एका डावात पाच गोरे काढले. परत आला तेव्हा स्टेशनवर टांगा, हलगी, लेझीम, सगळं होतं. त्या गर्दीतल्या निम्म्या लोकांना ओव्हर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ‘किती चीत केलं?’ असं एकानं ओरडून विचारलं. हरिबानं पंजा वर केला. गावाला तेवढं पुरलं. अजून पुरतंय.

मी हिंदुराव. त्याच गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. बाप होटगी जंक्शनला पॉइंट्समन होता, त्यामुळे माझं लहानपण रुळांच्या कडेनं गेलं आणि तालमीची माती अंगाला कधी लागली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं तिथंच येऊन अडकतं. सतरा वर्षं मी हरिबाच्या विकेटमागे उभा राहिलो. नुसता सामन्यात नव्हे, रोज सकाळी. तांबडं फुटायच्या आत तो मैदानावर चटई पसरून बसलेला असायचा. मी हातमोजे घेऊन पोचायचो. तो टाकायचा, मी पकडायचो, आणि गिरणीचा पहिला भोंगा झाला की चटई गुंडाळून दोघं चहा प्यायचो. टाइम ऑफिसात माझं काम खाडे मांडायचं, हजार माणसांचे खाडे मी मांडले, पण मैदानावर माझा एक खाडा नव्हता. बाप गेला तेव्हा दिवस करायला होटगीला गेलो तेवढेच, आणि तेही त्याला सांगून. मलेरियानं दात वाजत होते तेव्हासुद्धा घोंगडी पांघरून गेलो आणि स्टंपांमागे उभा राहिलो. ह्याचा मला केवढा अभिमान! लोकांना सांगत फिरायचो.

मग तीन वर्षांपूर्वी, सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या वर्षी, पावसाळ्यात, त्याचा खांदा गेला. काही पडला नाही, धडपडला नाही. एका सकाळी चेंडू यायचा तसा आला नाही, एवढंच. मी म्हटलं चटई ओली असेल. दसरा झाला, दिवाळी झाली, चटई कडकडीत वाळली, चेंडू मात्र खालीच. मी काही बोललो नाही. मित्राला असं कसं तोंडावर म्हणायचं? उलट सकाळी दहा मिनिटं लवकरच जायला लागलो. त्याला वाईट वाटू नये म्हणून. बिचाऱ्याला सोबत असावी म्हणून.

गेल्या वर्षी पुण्यात तर शोभाच झाली. कॉलेजातलं एक पोरगं, अजून धड मिसरूड फुटलेलं नाही, त्यानं एका ओव्हरमध्ये हरिबाचे चार चेंडू बाउंड्रीपार केले आणि दोन रस्त्यावर. तंबूतून कुणीतरी ओरडलं, “ओ मामा, घरी जा, मेंढरं राखा!” सगळं मैदान हसलं. मी मागे उभा. हातातल्या मोज्यासकट त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. कुणाच्या, ते सांगता येत नाही. ओरडणाऱ्याच्या का हरिबाच्या. सामना संपल्यावर हरिबानं नळावर तोंड धुतलं आणि म्हणाला, “वारं उलटं हुतं.” वारं! पुण्यात त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं.

परतीच्या गाडीत मी जेऊर येईपर्यंत तोंड उघडलं नाही. जेऊरला गाडी थांबली तसा तो एकदम म्हणाला, “हिंदुराव, उद्या सकाळी येनार न्हवं?”

मी रागातच होतो. म्हटलं, “न यायला काय झालं? सोळा वर्सांत कवा चुकलोय? मरस्तवर येनार.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग तोंड खिडकीकडे केलं. मला वाटलं, बरं वाटलं बिचाऱ्याला.

असं सगळं चाललं होतं आणि यंदा दसऱ्यानंतर टीम निवडणाऱ्या मुंबईच्या कमिटीचं पत्र आलं. विलायतेची टीम पुन्हा येतेय, डिसेंबरात मुंबईला सामना आहे. हरिबाची मागची कामगिरी कमिटीच्या ध्यानात आहे. तो अजून पूर्वीसारखी बोलिंग करतो काय, ते क्लबानं आठ दिवसांत कळवावं; दुसरा कुणी चांगला बोलर असल्यास त्याचंही नाव द्यावं. गिरणीच्या क्लबाचा सेक्रेटरी मीच. म्हणजे उत्तर लिहायचं मी.

पत्र घेऊन मी कॅप्टनकडे गेलो. कॅप्टन म्हणजे आमच्या गिरणीचे विव्हिंग मास्तर, सगळ्या विणकाम खात्याचे साहेब. स्लिपमध्ये उभे राहतात, मिशीला पीळ देतात, आणि कॅच आला की पाय मागे घेतात. पत्र वाचून त्यांचा चेहरा फुलला.

“लिहून टाका, एकदम फिट आहे म्हणून.”

“साहेब, तुम्ही स्लिपमध्ये असता. चेंडू कुठं येतो ते तुम्हाला दिसत नाही?”

“दिसतं.”

“मग?”

“हिंदुराव, एका सामन्याचा तर प्रश्न. मुंबईच्या पेपरात गिरणीचं नाव येईल. मॅनेजरसाहेब खूश होतील. हरिबाही खूश.”

“आणि गोऱ्यांनी पुण्यासारखं बडवलं तर? पन्नास हजार लोकांपुढं? त्याचे ते पाच बळी पुन्हा कुणी काढील का तोंडातून? ‘तो म्हातारा धनगर, ज्याला धुतला तो,’ म्हणतील. आपल्या बाकावरच्या सिद्धारामचं नाव देऊ या. चोवीस वर्षांचा आहे, चेंडू नाकाला लावतो.”

“सिद्धारामला ओळखतो कोण?” मास्तर म्हणाले. “आणि हरिबाला तुम्ही सांगणार आहात का, की तुझ्याऐवजी सिद्धाराम? मी तर नाही सांगणार बुवा.”

झालं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की सगळे उंदीर असेच मिशीला पीळ देतात. मी पत्र खिशात घातलं आणि दार आपटून बाहेर आलो. कारकुनानं विव्हिंग मास्तरचं दार आपटणं म्हणजे काय ते गिरणीत काम केलेल्यांनाच कळेल, पण मला त्या दिवशी कशाचीच पर्वा नव्हती.

दुपारी हरिबा साच्यावर असताना मी त्याच्या चाळीत गेलो. म्हटलं, बायकोनं सांगितलं तर ऐकेल. मायाक्का दारात बसून एरंडाची पानं तव्यावर शेकत होती. मला बघून पदर सावरला, पण उठली नाही.

“खांद्याला?” मी विचारलं.

“मग काय चुलीला?” ती म्हणाली. “रोज रातीला शेकती. मुंडासं डाव्या हातानं बांदत्यात. घागर उचलून द्या म्हनलं तर आयकू आलं न्हाय असं करत्यात. तीन वरसं झाली.”

“मग वैनी, तुमी सांगा की त्यांना. आता सोडा म्हनावं. मुंबईचं बोलवणं आलंय.”

तिनं पान तव्यावरून उचललं, फुंकर मारली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी एक पायरी खाली उतरलो.

“मी सांगू? मला काय कळतंय त्या चेंडूतलं? मी बोलले तर म्हनतील, चुलीफुडं बसून हिला काय ठावं. घरातलं दुखनं मी झाकती. मैदानातलं कोन झाकतंय, भावजी? रोज सकाळी कोन जातंय त्येंच्याम्होरं हुबं ऱ्हायाला?”

“मी त्याच्यासाठी जातो!” मी ओरडलोच. “सोबत म्हनून जातो!”

“व्हय,” मायाक्का म्हणाली. “सोबत लई झाली.”

आणि ती पान घेऊन आत गेली. मी तिथंच उभा. बाईमाणसानं दारातून असं परतवलं म्हणून चिडलो, आणि तिचं म्हणणं काय ते कळलं नाही म्हणून जास्तच चिडलो. चूक माझी काय होती? सगळ्या गिरणीत त्याच्यासाठी पहाटे उठणारा मी एकटा, आणि बोलणी मलाच!

उरले वस्ताद. हरिबाची तालीम ज्यांनी घेतली ते रावजी वस्ताद. सत्तरीच्या पुढचे, एका डोळ्यात फूल पडलेलं, पण आवाजात अजून जरब. हरिबा आजही त्यांच्या पायावर डोकं ठेवतो. वस्ताद बोलले तर शब्द खाली पडणार नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कामावरून सुटल्यावर मी तालमीत गेलो. वस्ताद हौद्याच्या काठावर बसून माती चाळणाऱ्यांना शिव्या घालत होते. मी सगळं सांगितलं. खांदा, चेंडू, पुणं, पत्र. उत्तर द्यायला पाच दिवस उरलेत हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, “वस्ताद, तुमी त्याला एक शब्द सांगा. आता बास म्हना.”

वस्तादांनी चांगला डोळा माझ्यावर रोखला. “आमच्यात असं सांगत न्हाईत.”

“म्हंजे?”

“पैलवानाला ‘तू संपलास’ असं कुनी तोंडानं म्हनत न्हाई. वस्ताद न्हाई, बाप न्हाई, कुनीच न्हाई. तोंडानं म्हनलं की त्यो अंगावर येनार. येनारच, पैलवान हाय. आन त्येचं सोताचं अंग बी त्येला खरं सांगत न्हाई. आज जड वाटलं तर उद्या हलकं वाटतंय, मग गडी म्हनतो, अजून दम हाय. म्हनून आमच्यात रीत हाय. ज्यो जोडीदार त्येच्यासंगं रोज मातीत उतरतो, त्यालाच बरूबर कळतंय, पकड कवा ढिली झाली ती. त्यो जोडीदार एक दिस येत न्हाई. न सांगता. दुसऱ्या दिसाला येत न्हाई. तिसऱ्या दिसाला न्हाई. पैलवान काय समजायचं ते समजतो, लंगोट धुऊन ठेवतो, मारुतीफुडं नारळ फोडतो. कुनी इचारत न्हाई, कुनी बोलत न्हाई. अब्रू त्येची त्येच्यापाशी ऱ्हाती.”

वस्तादांनी मूठभर माती उचलली, चोळली, परत टाकली.

“हरिबाचा जोडीदार कोन?” ते म्हणाले.

मी हौद्यातल्या मातीकडे बघायला लागलो.

“तू रोज जातोस न्हवं?”

“जातो.”

“मग त्येला काय सांगतोस तू रोज?”

तीन वर्षं, रोज सकाळी, ऊन-पाऊस न बघता, तापात घोंगडी पांघरून मी त्या माणसाला जाऊन सांगत होतो: हरिबा, तुझा हात चांगला आहे. हरिबा, अजून तू खेळ. पुण्याहून परत येताना त्यानं मला विचारलं होतं, माणसासारखं विचारलं होतं, आणि मी छाती फुगवून म्हणालो होतो, मरस्तवर येनार. माझी भलाई! माझी दोस्ती!

“मला कुणी सांगितलं का नाही हे?” मी वस्तादांवर ओरडलो. माती चाळणारे थांबून बघायला लागले. “मी तालमीतला नाही! मला काय ठाऊक तुमची रीत!”

“तू न्हाईस,” वस्ताद म्हणाले. “पर त्यो हाय की.”

शनिवारी सकाळी मी उठलो. सतरा वर्षांची सवय, डोळा आपोआप उघडतो. चूळ भरली, हातमोज्यांकडे हात गेला, आणि मी परत खाटेवर बसलो. मथुराबाईनं, माझ्या बायकोनं, चुलीपुढून मान वळवून बघितलं.

“आज जायचं न्हाई? अंगात ताप हाय का?”

“नाही.”

“मग बरं न्हाई वाटत का?”

“गप बस की जरा!” मी खेकसलो. वड्याचं तेल वांग्यावर. ती बिचारी भाकरी थापायला लागली. बाहेर उजाडायला लागलं. मैदान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मला सगळं न बघता दिसत होतं. त्यानं चटई पसरली असेल. खिळे ठोकले असतील. आता चटईच्या टोकाला बसला असेल, उजवा हात मांडीवर ठेवून, रस्त्याकडे बघत. दोन वेळा मी उठलो. दोन्ही वेळा दारापर्यंत गेलो. जावं आणि त्याला मिठी मारून सांगावं असं वाटत होतं, आणि जाऊन त्याच्या कानाखाली वाजवावी असंही वाटत होतं, की गाढवा, तुझी रीत तुझ्याजवळ ठेवलीस, तोंडानं का नाही बोललास? पहिला भोंगा झाला. मी खाटेवर बसून राहिलो.

त्या दिवशी हरिबा हजेरीला टाइम ऑफिसच्या खिडकीसमोरून गेला. बिल्ला दिला, पुढे गेला. ‘का आला नाहीस’ असं त्यानं विचारलं नाही. तब्येत विचारली नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी न सांगता खाडा केला आणि ह्या माणसाला काहीच विचारायचं नव्हतं! तेव्हाच मला कळलं की वस्ताद बोलले त्यातलं अक्षर अन् अक्षर खरं आहे.

रविवारी गेलो नाही. त्या दिवशी सामना नव्हता. मथुराबाईनं काही विचारलं नाही, चहा पुढे ठेवला आणि शेजारणीकडे निघून गेली. दुपारी कॅप्टननं निरोप धाडला: पत्राचं काय झालं? मी उलट निरोप धाडला की मरायला टेकलो नाही अजून, लिहीन. सेक्रेटरीनं कॅप्टनला असं बोलायचं नसतं. पण चार दिवसांत मी इतक्या लोकांवर ओरडलो होतो की एकानं काय फरक पडतो.

सोमवारीही सकाळी मी घरात बसलो. ती सकाळ सगळ्यांत वाईट गेली. पहिले दोन दिवस वाटत होतं की अजून परत फिरता येईल, ताप होता म्हणून सांगता येईल. तिसऱ्या दिवशी उजाडलं तशी ती वाट बंद झाली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या पाण्याचाही मला संताप येत होता. तीन वर्षांपूर्वी एकदा घरी बसलो असतो तर काम झालं असतं. पुणं झालंच नसतं. त्या ‘मामा, घरी जा’वर कुणी हसलं नसतं. हरिबा पाच बळींचा हरिबाच राहिला असता, आणि सिद्धारामची तीन वर्षं बाकावर बसून गेली नसती.

दुपारच्या सुट्टीत हरिबा टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. मागे रांग नव्हती. मुंडासं वाकडं बांधलेलं, डाव्या हाताचं.

“मुंबईला लिव,” तो म्हणाला. “हरिबा येत न्हाय म्हन.”

मी टाक उचलला. “कारण काय लिहू?”

“खरं त्ये लिव. हात ऱ्हायला न्हाय म्हन. आन सिद्धारामचं नाव दे. नीट लिव, नाव चुकवू नगंस पोराचं.”

“बरं.”

मला वाटलं तो जाईल. तो गेला नाही. खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. मग हळू आवाजात बोलायला लागला, आणि त्या आवाजात इतका राग होता की मी टाक खाली ठेवला.

“तीन वरसं, हिंदुराव. मार्शल लॉच्या सालापासनं. रोज चटई हातरून बसायचो. म्हनायचो, आज त्यो न्हाय येनार. आज तरी न्हाय. आन तू यायचास. तापात सुदीक आलास की रं! मला वाटलं, मागं हुबा ऱ्हानारा गडी येतोय, म्हंजे ह्यात काय तरी शिल्लक असंल. माज्या हातावर माजा इस्वास न्हवता, तुज्या पायावर हुता.”

“हरिबा,” मी म्हणालो, “मला रीत ठाऊक नव्हती. देवाशपथ सांगतो. शुक्रवारी वस्तादांनी सांगितली तेव्हा कळलं.”

“रीत ठावं न्हवती,” तो म्हणाला. “चेंडू तर ठावं हुता न्हवं?”

तो गज सोडून वळला आणि साच्याकडे चालायला लागला. जेवायला बाहेर आलेले लोक त्याला नेहमीप्रमाणे हाका मारत होते, ‘काय हरिबा, मुंबईला कवा निघनार?’ म्हणून विचारत होते, आणि तो नुसती मान हलवत होता. मी कागद पुढे ओढला आणि कमिटीला कळवलं की सदर बोलरचा हात तीन वर्षांपूर्वीच गेला आहे, आणि हे क्लबाच्या विकेटकीपरला तेव्हापासून माहीत होतं.